मनगटाचे कुलूप

बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आणि नात उजवा हात गळ्यात बांधून घरी आली. वर्षभर ती ब्राझिलियन जिउजित्सूच्या वर्गाला जात होती. "पडलीस का गं?" मी विचारले. "नाही आजोबा, रिस्ट लॉक लागला. थाप मारायला वेळच नाही मिळाला."

मुलांनी थापा मारू नयेत हे शिकवण्यात आमची उमर गेली, आणि इथे थाप न मारल्याने हात झोळीत! मग तिनेच खुलासा केला. या खेळात डाव सहन होईनासा झाला की जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर दोन-तीनदा थापटायचे. थापटले की समोरच्याने त्याच क्षणी पकड सोडायची. तोंडाने सांगितले तरी चालते. यात नामुष्की काही नाही. लगेच पुन्हा खेळायला उभे राहायचे.

लॉक म्हणजे कुलूप, आणि बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कुलपाबद्दल कुतूहल असणारच. म्हणून मी या मनगटाच्या कुलपाची थोडी चौकशी केली.

मनगट हा एक सांधा आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिथे आठ लहान हाडे दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्या एका बाजूला हाताची दोन लांब हाडे, दुसऱ्या बाजूला तळव्याची पाच. या सगळ्यांना चिवट अस्थिबंधांनी एकत्र बांधलेले असते. दंडावर असते तसे मांस इथे जवळजवळ नाहीच. रिस्ट लॉकमध्ये प्रतिस्पर्ध्याचे कोपर छातीशी किंवा गादीशी अडकवतात आणि तळवा आतल्या बाजूला दुमडत नेतात. कोपराला मागे सरकायला जागा उरत नाही आणि सगळा ताण त्या इवल्याशा हाडांवर येतो. कोपराच्या डावात हात सरळ होईपर्यंत सावध व्हायला थोडी उसंत असते. इथे सारा खेळ दोन-चार बोटांच्या अंतराचा. दुखू लागणे आणि दुखापत होणे यांत फारसे अंतर राहत नाही. त्यात डाव हिसक्याने टाकला, तर थापटायलाही सवड मिळत नाही. नातीचे नेमके तेच झाले.

हा धोका जुन्या जाणकारांनी ओळखला होता. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान स्थापन करून जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. आज ज्युदोच्या स्पर्धेत फक्त कोपराच्या सांध्यावर डाव टाकता येतो. मनगट पिरगाळायला बंदी आहे. ते डाव ठरलेल्या क्रमाने करायच्या 'काता'त, स्वसंरक्षणाच्या सरावापुरते उरले आहेत. ऐकिदोत मनगटाचे डाव पुष्कळ, पण तिथल्या बहुतेक परंपरांत स्पर्धाच नसते. ज्याचे मनगट पिरगाळले जाते, त्याला त्या दिशेनेच सुखरूप पडायला आधी शिकवतात.

कोडोकानचेच मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि त्यांनी तिथे रुजवलेल्या विद्येतून पुढे ब्राझिलियन जिउजित्सू उभे राहिले. तिथे या डावाला 'गाईचा हात' अशा अर्थाचे नाव आहे. दुमडलेला हात खुरासारखा दिसतो खरा. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये कंजूष माणसालाही हाच शब्द वापरतात. कर्ज मागायला आलेल्यांनी मला मराठीत काय काय म्हटले असेल, ते यावरून आठवले!

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम मात्र गमतीचा नाही. अठरा वर्षांखालच्यांना आणि पांढऱ्या पट्ट्याच्या नवशिक्यांना रिस्ट लॉकची मनाई आहे. प्रौढांना तो निळ्या पट्ट्यापासून पुढेच मोकळा होतो. माझी नात सतरा वर्षांची. डाव टाकणारा मुलगा दोन महिन्यांचा नवशिका, आणि डाव शिकला मोबाइलवरची चित्रफीत पाहून. वर्गात तेव्हा शिक्षक कुठे होते? "बाहेर फोनवर," नात म्हणाली. मला त्या मुलापेक्षा त्या फोनचा राग अधिक आला.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, तो स्वच्छ होता. तरी त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेली खळगी दाबून पाहिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या हाडाची चीर पहिल्या चित्रात कधी कधी दिसत नाही. त्याला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे दुर्लक्ष झाले तर ते जुळायला त्रास देते. नातीचे नशीब चांगले, ताणले होते ते अस्थिबंध. तेल लावून चोळून घेऊ, हा आमच्या शेजाऱ्यांचा सल्ला आम्ही मानला नाही. पेपर तिने मनगटाला पट्टा बांधूनच लिहिले.

सूनबाईंचे म्हणणे होते, खेळ बंद. मलाही आधी तसेच वाटले होते. पण मग आम्ही दुसरा वर्ग पाहिला. मी तिथे तासभर बाकावर बसलो आणि तीन गोष्टी पाहिल्या. मुले खेळत असताना शिक्षकांचे डोळे गादीवर असतात का? कोणाला कोणता डाव मना आहे, हे सगळ्यांसमोर सांगितले जाते का? आणि थाप पडताच पकड सुटते का, की आणखी अर्धा क्षण ओढले जाते? आपले मूल अशा वर्गाला पाठवणाऱ्या कोणीही एवढे पाहावे. त्याला खेळ यावा लागत नाही.

आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने दार उघडत नसे. मनगटाच्या या कुलपाचेही तसेच आहे. एक किल्ली थापटणाऱ्याकडे, दुसरी डाव टाकणाऱ्याकडे. समोरच्याला थापटायला वेळ मिळेल इतक्या सावकाश दाब वाढवणे, ही ती दुसरी किल्ली. त्या मुलाला ती कोणी दिलीच नव्हती.

परवा नात म्हणाली, "आजोबा, हात द्या, दाखवते." तिने कोपर धरले आणि तळवा हळूहळू दुमडू लागली. कळ आली, पण नातीपुढे थापटायचे कसे, म्हणून मी दात आवळून गप्प राहिलो. एवढ्यात तिने हात सोडून दिला.

"अगं, मी थापटलं कुठं?"

"तुमच्या तोंडाकडे बघितलं की, आजोबा."