विमानाचा फोटो व्हॉट्सॲपवर जाताच धूसर का होतो?

बारामती विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते. त्यामुळे गोजुबावी, कटफळपासून इंदापूर तालुक्यातील गावांपर्यंत शिकाऊ विमानांची घरघर नित्याची आहे. अनेक जण हौसेने त्यांचे फोटो काढतात. मात्र हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक शिकाऊ विमान शेतात कोसळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला बारामती तालुक्यातही दोन दुर्घटना घडल्या. अशा वेळी सर्वांत आधी पोहोचतात ते गावकरी आणि पहिला फोटो निघतो तो त्यांच्याच मोबाईलमधून. तो स्पष्ट असेल तर तपासाला मदत होऊ शकते.

फोटो दोन ठिकाणी बिघडतो : काढताना आणि पाठवताना.

काढताना : नॉइज

फोटोत वाळू भुरभुरल्यासारखे रंगीत ठिपके दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. मोबाईलचा सेन्सर लहान असतो. प्रकाश कमी पडला की फोन आयएसओ वाढवतो आणि त्यासोबत ठिपकेही वाढतात. उजळ आकाशासमोर विमान काळपट येते. नंतर एडिटिंगमध्ये ते उजळले, की लपलेले ठिपके वर येतात.

त्यामुळे स्क्रीनवर विमानाला टॅप करून फोटो काढतानाच उजेड थोडा वाढवावा. सूर्य पाठीशी ठेवावा. डिजिटल झूम टाळावा. तो मूळ फोटोचा तुकडा मोठा करतो, नवा तपशील देत नाही. प्रो मोड असल्यास भरपूर उजेडात शटर १/१००० सेकंद ठेवावे. पंखा फिरताना दिसायला हवा असेल तर १/२५० पुरे. मिनिटाला २४०० फेरे घेणारा पंखा तेवढ्या वेळात सुमारे ५८ अंश फिरतो.

दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे विमान लहरल्यासारखे दिसते. हा नॉइज नव्हे. त्यावर सॉफ्टवेअरचा फारसा इलाज नाही. सकाळी लवकर फोटो काढणे हाच उपाय. उजनीकाठी भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढणारेही म्हणूनच पहाटे पोहोचतात.

पाठवताना : कॉम्प्रेशन

जेपेग पद्धतीत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील गाळला जातो. फाइल लहान होते, पण सपाट निळ्या आकाशात चौकोन आणि पट्टे उमटतात. ठिपके जास्त असतील तर नुकसान आणखी वाढते.

व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते. समजा, ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत सुमारे सव्वासात मीटर लांबीचे सेस्ना १५२ विमान ४०० पिक्सेलमध्ये मावले आहे. त्यावरील ३० सेंटीमीटर उंचीचे नोंदणी अक्षर १६ पिक्सेलचे असेल आणि वाचता येईल. पाठवल्यावर ते जेमतेम ६ पिक्सेलचे उरते. भारतीय विमानांच्या नोंदणीतील ‘व्हीटी’नंतरची अक्षरे मग ओळखू येत नाहीत.

फोटो काढल्याची वेळ आणि ठिकाण फाइलमध्ये नोंदलेले असते. साध्या पद्धतीने पाठवल्यास ही नोंदही गळून पडते.

काय करावे?

- अटॅचमेंटमध्ये ‘डॉक्युमेंट’ निवडून मूळ फाइल पाठवावी. ती जशीच्या तशी जाते.
- ‘एचडी’ पर्यायाने आकार मोठा राहतो, पण फोटो मूळ राहत नाही.
- स्क्रीनशॉट पाठवू नये. एडिट करायचेच तर प्रतीवर करावे आणि मूळ फोटो जपून ठेवावा.
- डॉक्युमेंटसोबत ठिकाणाची नोंदही जाते. त्यामुळे अशी फाइल अनोळखी ग्रुपवर टाकू नये.
- विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय फोटो काढू नयेत आणि परिसरात ड्रोन उडवू नये.

दुर्घटना घडली तर आधी ११२ क्रमांकावर फोन करावा. इंधन सांडलेले असू शकते, त्यामुळे दूर उभे राहावे. अवशेषांना हात लावू नये. जखमींचे फोटो फिरवू नयेत. विमानाचे फोटो असल्यास मूळ फाइल पोलिसांकडे द्यावी. ग्रुपवर फिरून आलेला दहावा फॉरवर्ड तपासाच्या फारसा कामी येत नाही.