फर्माईश फोटोंची

"वेरूळला चाललायस? मग माझ्यासाठी एक फोटो!" मेसमध्ये एकाने सुरुवात केली आणि जेवण होईपर्यंत वहीच्या मागच्या पानावर यादीच तयार झाली. म्हटलं चला, या ट्रिपला मित्र सांगतील तेच फोटो काढायचे. अट एकच : फोटो का हवा, तेही सांगायचं.

मेकॅनिकलवाल्याला छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की हवी होती. "पाण्याचा जोर दिसला पाहिजे, त्यावर जातं फिरायचं!" लांबून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी इथे उंचावरून पडतं. शटर १/५०० सेकंद ठेवलं तर थेंब जागीच गोठले, १/१५ ठेवल्यावर पाण्याची धार झाली. जोर कळतो तो दुसऱ्यात. दोन्ही आणले.

सिव्हिलवाल्याला वेरूळच्या दहाव्या लेण्याचं छत हवं होतं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून उजेडासाठी दुपारनंतर गेलो. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत, म्हणून याला 'सुतार झोपडी' म्हणतात. गंमत म्हणजे हे वासे काहीच तोलत नाहीत! सगळं एकाच खडकात कोरलेलं, लाकडी बांधकामाची रीत तेवढी दगडात उतरली. आयएसओ वाढवला, कोपरं छातीशी घट्ट धरली, श्वास रोखला. चौथ्या खेपेला फोटो न हलता आला.

रूम पार्टनरची फर्माईश शेवटची. "कैलास लेण्यातल्या पायऱ्यांचा काढ. आईचे गुडघे गेलेत, नेता येईल का बघायचंय."

याआधी मी दोनदा तिथे गेलो होतो. शिखर, हत्ती, स्तंभ, सगळं टिपलं होतं. पायऱ्या मात्र एकाही फोटोत नव्हत्या! या वेळी कॅमेरा खाली वळवला. उंची कळावी म्हणून पायरीवर पाण्याची बाटली ठेवली. बसायला जागा कुठे, अंधार कुठे, तेही टिपलं. मुख्य देवळात जिना चढूनच जावं लागतं, पण रामायण-महाभारताचे शिल्पपट खाली अंगणातूनही दिसतात.

पार्टनरने ते फोटो बराच वेळ पाहिले. "अंगणापर्यंत जमेल," म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत तो आईला घेऊन गेलासुद्धा. दगडी हत्तीजवळ उभ्या असलेल्या काकूंचा त्याने काढलेला फोटो जरा हललाय, पण आमच्या रूमच्या भिंतीवर तोच लागलाय. माझा एकही नाही!

तेव्हा पुढच्या ट्रिपला निघण्याआधी मेसमध्ये एकदा विचारून बघा. आणि हो, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात!