धावणाऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ : विश्वास किती ठेवावा?

काट्यावर माल घालण्यापूर्वी जाणता शेतकरी एक गोष्ट पाहतो : काटा शून्यावर आहे ना? काटा नवा आणि चकचकीत आहे, एवढ्यावर तो विसंबत नाही. हल्ली आपल्या मुलांच्या मनगटावर आलेल्या जीपीएसच्या घड्याळालाही हाच नियम लावायला हवा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने या भागाचा सैन्याशी जुना संबंध आहे. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात आणि त्यांतल्या काहींच्या हातात असे घड्याळ असते. धावलेले अंतर, वेग, नाडीचे ठोके, खर्च झालेल्या कॅलरी, सारे त्यात उमटते. यातले कोणते सांगणे मानावे आणि कोणते सोडून द्यावे, हे कळले तरच घड्याळाचे पैसे सार्थकी लागतात.

पंधरा सेकंदांचा हिशेब

असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो दाट झाडीच्या रस्त्यावर रोज सराव करतो. घड्याळात १६०० मीटर झाले की थांबतो आणि वेळ पाहतो : ५ मिनिटे २० सेकंद. अग्निवीर भरतीत १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत धावणाऱ्याला त्या चाचणीचे पूर्ण ६० गुण मिळतात, पुढे वेळ वाढेल तसे गुण घटतात. मुलगा निश्चिंत आहे. घरचेही निश्चिंत आहेत.

परंतु घड्याळाचे १६०० मीटर प्रत्यक्षात १५३० च असले तर? त्याच वेगाने खरे १६०० मीटर धावायला त्याला ५ मिनिटे ३५ सेकंद लागतील. म्हणजे घड्याळाने त्याला १५ सेकंद फुकट दिले आणि मैदानावर ते परत मागून घेतले. दहा सेकंदांची शिल्लक समजत होतो, तेथे पाच सेकंदांची तूट निघाली. कष्टांत कसूर नव्हती, माप चुकले होते.

माप का चुकते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असते आणि प्रत्येक जण वेळ व आपली जागा सांगणारा संदेश सतत पाठवतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून मनगटावरचे घड्याळ उपग्रहाचे अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कोठे आहोत हे त्याला समजते. हे काम किती नाजूक आहे पाहा : सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

मे २००० पर्यंत अमेरिकेचे सरकार सर्वसामान्यांना मिळणारा संदेश मुद्दाम अंधुक ठेवत असे. तो निर्बंध उठल्यावर अशी घड्याळे उपयोगी ठरू लागली. गार्मिन कंपनीची धावपटूंसाठीची पहिली जीपीएस घड्याळे २००३ साली आली.

तरीही मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्राची चूक सुमारे पाच मीटरची राहते. गुंठ्याची बाजू जेमतेम दहा मीटर असते, हे आठवले म्हणजे या पाच मीटरांचे मोल कळेल. (म्हणूनच बांधाचा तंटा असल्या घड्याळावर कोणी सोडवू नये. त्यासाठी सरकारी मोजणीच हवी.) झाडी, डोंगरकडा आणि उंच इमारती यांच्याजवळ संदेश आपटून वाकड्या वाटेने येतो आणि चूक वाढते. घड्याळ ठरावीक वेळाने एकेक ठिपका घेते व ते ठिपके जोडून अंतर मोजते. ठिपके इकडेतिकडे पडले की सरळ रस्ताही नागमोडी होतो आणि अंतर जास्त दिसते. उलट, वळणावर ठिपके कमी पडले की कोपरा कापला जातो आणि अंतर कमी भरते.

काटा तपासून घ्या

जवळ ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर अगदी आतल्या लेनमधून चार फेऱ्या माराव्यात. त्या १६०० मीटर होतात. घड्याळ किती दाखवते ते तीन-चार दिवस वहीत लिहावे. लेन बदलू नये. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे ४०७ मीटरची असते, चार फेऱ्यांत २८ मीटरांचा फरक पडतो.

ट्रॅक नसेल तर सायकल आहेच. एका चाकावर खडूची खूण करून सायकल सरळ ढकलत न्यावी आणि चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजावे. ते २१ मीटर ५० सेंटिमीटर भरले, तर १६०० मीटरसाठी ७४४ फेऱ्या लागतील. एकाने सायकल ढकलावी, दुसऱ्याने मोजावे आणि दर शंभर फेऱ्यांना रस्त्याकडेला खूण करावी. चाकात हवा तीच ठेवावी.

असा रस्ता एकदा मोजला की एक गोष्ट ध्यानात येईल. ज्या मुलाला फक्त १६०० मीटरची तयारी करायची आहे, त्याला मोजलेला रस्ता आणि साधे स्टॉपवॉच पुरेसे आहे. महाग घड्याळासाठी घराने ओढाताण करण्याचे कारण नाही. रोज निरनिराळ्या वाटांनी पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्याला मात्र जीपीएसचा खरा उपयोग होतो.

नाडी आणि कॅलरी

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश सोडतो. रक्त तो प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याला होणाऱ्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला किंवा थंडीने हात गारठला तर हे माप बिघडते. कधी कधी घड्याळ नाडीऐवजी पावलांची ठेकाच मोजत बसते. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधावा. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची विद्युत-स्पंदने टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा.

२२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा मिळते, असे अनेक घड्याळे धरून चालतात. तो अंदाज आहे, नियम नव्हे. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

कॅलरीच्या आकड्यावर तर विसंबूच नये. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रे तपासली. सहा यंत्रांची नाडीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र त्यांतले सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले. तेव्हा ताटातली भाकरी घड्याळाला विचारून कमी-जास्त करू नये.

घेताना काय पाहावे?

१. घड्याळात स्वतःचे जीपीएस आहे काय, हे आधी विचारावे. अनेक स्वस्त घड्याळे खिशातल्या फोनचे जीपीएस वापरतात. फोन घरी राहिला की ती पावले मोजून अंतराचा अंदाज करतात.

२. झाडीत किंवा डोंगरात धावायचे असेल आणि परवडत असेल तर दोन वारंवारितांवर संदेश घेणारे घड्याळ चांगले.

३. बॅटरी किती दिवस टिकते यापेक्षा जीपीएस चालू असताना किती तास टिकते ते पाहावे.

४. घामाच्या किंवा पावसाच्या हातांनी काचेपेक्षा बटणे बरी चालतात.

५. पक्के बिल घ्यावे आणि दुरुस्तीची सोय जवळ कोठे आहे याची चौकशी करावी.

घेतल्यावर रोज उघड्यावर उभे राहून जीपीएस मिळाल्याची खूण येईपर्यंत थांबावे आणि मगच धावू लागावे. ही एक मिनिटाची वाट पाहिल्याने पुष्कळ चुका टळतात.

घड्याळाला न दिसणारे श्रम

काही घड्याळे 'आज विश्रांती घ्या' किंवा 'आज जोरात धावा' असा सल्लाही देतात. परंतु घरी काढून ठेवलेल्या घड्याळाला दिवसभराची ऊसतोड किंवा चिखलणी ठाऊक नसते. ते श्रमही सरावातच धरले पाहिजेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत व दुप्पट करून वहीत मांडावेत. नेहमीपेक्षा आकडा दोन-तीन दिवस बराच वर राहिला किंवा झोप उडाली, तर धावणे हलके करावे. हलके धावणे म्हणजे शेजारच्याशी धड वाक्य बोलता येईल असे धावणे. उन्हाळ्यात त्याच वेगाला नाडी जास्त पळते. त्या दिवसांत वेगाचा हट्ट धरू नये.

छातीत दुखले, भोवळ आली किंवा दम अनावर लागला तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्या वेळी घड्याळातला आकडा चांगला दिसला तरी तो मानू नये.

पालकांनी घड्याळ अवश्य घेऊन द्यावे, परंतु त्याबरोबर एक टेप आणि एक वही द्यावी. भरतीच्या मैदानावर अंतर मोजूनच आखलेले असते. आपल्या मुलाने निदान एकदा तरी तेवढेच अंतर मोजून धावलेले असावे.