मोटारसायकलची नवी कॉइल आणि हरवलेली ठिणगी

पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण पेटविण्यासाठीं प्लगच्या टोकाशीं विजेची ठिणगी पडावी लागते. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. ठिणगीस मात्र हजारों व्होल्ट लागतात. हें अंतर जी भरून काढते ती इग्निशन कॉइल होय. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत रुमकॉर्फची कॉइल पाहिली आहे. तिचीच ही धाकटी बहीण. लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतील प्रवाह एकाएकीं तोडला कीं गाभ्यांतील चुंबकत्व ओसरतें व बारीक तारेंत उच्च दाब उत्पन्न होतो. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखविलेलें तत्त्व तें हेंच. जुन्या बुलेटसारख्या गाडींत प्रवाह तोडण्याचें काम उघडझांप करणारे दोन पॉइंट करतात. उघडतांना ते जळूं नयेत म्हणून शेजारीं कंडेन्सर असतो.

जुनी गाडी लवकर सुरू होईना कीं बाजारांतून जबर कॉइल आणून बसविण्याचा मोह होतो. खोक्यावर चाळीस हजार व्होल्टांचा उल्लेख असतो. परंतु कॉइलचा दाब ठिणगी फट ओलांडीपर्यंतच चढतो. ती ओलांडली कीं कोसळतो. प्लगची फट ०.५ मि.मी. असली व मिश्रण ठीक असलें, तर उरलेले व्होल्ट खोक्यावरच राहतात.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील घाटापलीकडच्या गांवांतून पहाटे दूध आणतात. त्यांच्या बुलेटला मुलानें अशी कॉइल बसविली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली, सर्वांस आनंद झाला. पण वीस मिनिटांनीं, नेमकी घाटाच्या चढावर, ती बंद पडूं लागली. अर्धा तास थांबलें कीं पुन्हां चाले. अंधारांत, वळणावर, मागून ट्रक येत असतां भरल्या कॅनांसह उभें राहणें म्हणजे जिवाशीं गांठ! मुलानें नवा प्लग घातला, कंडेन्सर बदलला, कार्बुरेटर दोनदां धुतला. पैसे गेले, दोष राहिला.

शेवटीं मीटर लावला. जुन्या कॉइलच्या जाड तारेचा रोध ४ ओहम होता, नवीचा १.५. ती कॉइल पॉइंटच्या गाडीसाठीं नव्हतीच. ओहमच्या नियमानें १२ व्होल्टांस ४ ओहमांतून ३ अँपिअर, तर १.५ ओहमांतून ८ अँपिअर प्रवाह वाहतो. पुढें आणखी एक गंमत निघाली. किल्लीच्या जुनाट स्विचमध्यें अर्धा ओहम रोध लपून बसला होता. जुन्या कॉइलबरोबर तो सव्वा व्होल्टाच्या आसपास दाब गिळी. नवीबरोबर प्रवाह ६ अँपिअर झाल्यानें पुरे ३ व्होल्ट गिळूं लागला. तरीही कॉइलमधील उष्णता जवळजवळ दुप्पट झाली, आणि पॉइंट काळे पडले ते निराळेंच. म्हणजे मूळ दोष स्विचांत होता व कॉइल बिचारी निर्दोष! जुनी कॉइल परत बसविली, स्विच बदलला, पॉइंट घासून फट ०.४ मि.मी. केली, काम झालें.

यावरून तपासाचा क्रम सहज ध्यानांत येईल. प्रथम जुनीच कॉइल जोडून पाहावें; म्हणून ती भंगारांत देऊं नये. नंतर पॉइंट मिटलेले असतां किल्ली फिरवून बॅटरीवरील व कॉइलवरील दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आढळला तर दोष वाटेंतील जोडांत शोधावा. हें माप झटपट आटोपावें. किल्ली तशीच चालू ठेवली तर कॉइल व्यर्थ तापते. रोध मोजतांना कॉइलच्या तारा सोडवाव्या, आणि मीटरचीं दोन टोकें एकमेकांस लावून दिसणारा रोध वजा करावा, नाहींतर लहान आंकडे फसवितात. गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर माप गरम असतांनाच घ्यावें. थंड कॉइल साळसूद दिसते. प्लगच्या टोपीकडे मिस्त्रीही क्वचितच पाहतात. पुष्कळ टोप्यांत ५,००० ओहमांचा रोधक असतो व तो तुटला कीं ठिणगी लंगडते.

ठिणगी पाहण्यासाठीं प्लग बाहेर काढल्यास त्याचें धातूचें अंग इंजिनास घट्ट टेकवावें, तार हातांत धरूं नये, आणि प्लगच्या मोकळ्या भोंकांतून पेट्रोलची वाफ येते हें विसरूं नये. मुलांनीं हा प्रयोग एकट्यानें करूं नये.

सी. डी. आय. पद्धतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तेथें भारलेला कंडेन्सर कांहींशें व्होल्टांचा झटका कॉइलला देतो, म्हणून तिचा रोध बहुधा एका ओहमाहूनही कमी असतो. असली कॉइल पॉइंटच्या गाडीस किंवा पॉइंटची त्या गाडीस चालत नाहीं, मग दोन्ही दिसावयास कितीही सारख्या असोत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. तेथें कमी रोधाची कॉइल बसविली तर पॉइंटांऐवजीं तो महागडा संगणकच जळण्याची भीति असते. अशा गाडीस निर्मात्यानें सांगितलेल्या रोधाचीच कॉइल घालावी.