आडवी बाटली, उभी बाटली

गावातले किंवा वॉर्डातले परवानाधारक दारू दुकान मतदानाने बंद करण्याची सोय महाराष्ट्रात आहे. सध्याची पद्धत 2008च्या आदेशानुसार चालते.

● अर्ज : गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या पडताळतो.

● मतदान : सह्या खऱ्या ठरल्या की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उमेदवार नसतात, दोन बाटल्यांची चित्रे असतात. आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू.

● खरी मेख : बहुमत झालेल्या मतांचे नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांचे लागते. यादीत 800 महिला असतील, तर आडव्या बाटलीला 400हून अधिक मते हवीत. 500 जणींनी मतदान केले आणि 390 मते आडवीला पडली, तरी दुकान चालूच राहते. शेतावर किंवा माहेरी गेलेलीचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडते.

● दुकानांचे प्रकार : देशी दारूच्या किरकोळ विक्रीला सीएल-3, 'वाइन शॉप'ला एफएल-2 आणि परमिट रूमला एफएल-3 परवाना लागतो.

● पिणाऱ्यालाही परवाना : मूळ कायदा 1949चा आणि दारूबंदीचाच, त्यामुळे कागदोपत्री ग्राहकालाही परवाना हवा. वयाची अट बिअरसाठी 21, तर कडक दारूसाठी 25 वर्षे.

● हद्द : हे मतदान परवानाधारक दुकानापुरते. हातभट्टीला परवानाच नसतो. तिथे पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागानेच कारवाई करायची.