लाकडी सरकते जिने

लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात १८९८ साली सरकता जिना बसला तेव्हा त्याला पायऱ्याच नव्हत्या. विणलेल्या चामड्याचा चढता पट्टा, इतकंच. वर पोचून धास्तावलेल्या गिऱ्हाइकांना म्हणे ब्रँडी दिली जायची. (जाहिरात म्हणून झकासच!) न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात मात्र जुने लाकडी जिने शंभर वर्षांनंतरही खडखडत राहिले. त्यांच्या पायरीवर लाकडाच्या उभ्या पट्ट्या, मध्ये रुंद खाचा. वर पोचताच पायरी जमिनीखाली शिरते, आणि तिथे बसवलेले फणीसारखे धातूचे दात त्या खाचांत घुसून बुटाचं टोक अलगद वर घेतात. पायरी सपाट असती तर पाऊल थेट फटीत ओढलं गेलं असतं. आजच्या मॉलमधल्या ॲल्युमिनियमच्या पायरीवरही त्याच खाचा असतात, फक्त बारीक.