कोकणातल्या घरात सॉना : उष्णता किती, वाफ किती?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. मे महिन्यात या भागात घाम काढायला वेगळी खोली बांधावी लागत नाही. तरीही जिममध्ये किंवा रिसॉर्टवर सॉनाची सवय लागलेल्यांना तो आपल्या बंगल्यात, फार्महाऊसवर असावा असे वाटते. हौस करायला हरकत नाही. मात्र फिनलंडचा आराखडा जसाच्या तसा उचलून कोकणात चालत नाही.

कल्पना परकी नाही

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाचे, म्हणजे घाम काढण्याचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यातला ‘जेन्ताक’ म्हणजे जवळजवळ सॉनाच. पाण्याकाठी गोल खोली बांधायची, रुंदी आणि उंची जास्तीत जास्त सोळा अरत्नी, म्हणजे साधारण बावीस-तेवीस फूट. भिंती मातीने लिंपलेल्या, खिडक्या अनेक, भिंतीलगत बसायला ओटा आणि मध्यभागी माणसाच्या उंचीची, बारीक छिद्रांची मातीची भट्टी. खैरासारखे लाकूड जाळायचे आणि धूर पूर्ण गेल्यावरच रुग्णाला आत न्यायचे. गर्भवती, मधुमेही आणि नित्य मद्यपान करणारे यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. बाहेर आल्यावर लगेच थंड पाणी घेऊ नये, असाही दंडक आहे.

दमटपणाचे गणित

फिनिश सॉनात तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअस असते, पण हवा कोरडी. म्हणून घाम उडून जातो आणि शरीर तग धरते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की हवेतली वाफ एकदम वाढते. ती त्वचेवर निवते आणि चटका जाणवतो.

फिनलंडच्या हिवाळ्यात एक घनमीटर हवेत जेमतेम दोन ग्रॅम बाष्प असते. कोकणात उन्हाळ्या-पावसाळ्यात ते वीस ग्रॅमच्या वर जाते. ही हवा तापवली, तरी त्यातले बाष्प कमी होत नाही. त्यामुळे इथे दगडांवर पाणी बेताने टाकावे, तापमान कमी ठेवावे आणि बैठक आखडती घ्यावी.

बांधताना

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच खोलीचे आकारमान साडेआठ घनमीटरच्या आत असते. एका घनमीटरला साधारण एक किलोवॅट या हिशेबाने नऊ किलोवॅटचा हीटर लागतो. तो सिंगल फेजवर जवळपास ३९ अँपिअर वीज ओढेल. घरातला गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो, यावरून अंदाज यावा. थ्री फेज जोडणी, चांगले अर्थिंग, ईएलसीबी आणि परवानाधारक वायरमन यांत काटकसर नको.

भिंतीत रॉकवूल आणि त्याच्या आतल्या, म्हणजे गरम बाजूला, अॅल्युमिनियम फॉइल हवी. ती नसेल तर वाफ भिंतीत शिरून बुरशी धरते. पावसाळ्यात खोली बंद ठेवली तरी तेच होते. हीटरजवळ हवा आत यायला आणि समोरच्या भिंतीतून बाहेर जायला झरोका ठेवावा. दार बाहेर उघडणारे, कडी नसलेले असावे. दगड घट्ट आणि कोरडे लागतात. नदीतले गोटे किंवा पांढऱ्या खड्यांनी भरलेला सच्छिद्र काळा पाषाण नको, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो.

खर्च वाचवण्यासाठी बंद न्हाणीघरात कोळशाची शेगडी ठेवणे जिवावर बेतू शकते. धूर नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाळंतिणीला शेक देतानाही हा धोका असतो, म्हणून खिडकी उघडीच हवी.

फायदा किती?

पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यूचे प्रमाण, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण ही निरीक्षणे आहेत. सॉना घेणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, शिवाय ते लहानपणापासून सरावलेले असतात. घामाने ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात हा समज खरा नाही. ते काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात. काट्यावर घटलेले वजनही पाण्याचेच असते आणि पाणी प्यायले की परत येते.

नवख्याने ६० ते ७० अंशांवर, खालच्या बाकावर पाच-दहा मिनिटेच बसावे. आधी-नंतर पाणी प्यावे, मद्य घेऊन आत जाऊ नये आणि एकट्याने बसू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत वारंवार दुखणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी सॉना टाळावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, मळमळ किंवा धडधड जाणवली की लगेच बाहेर पडावे. वडखळच्या उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळून आलेल्याने त्या दिवशी सॉना घेतलाच नाही, तरी काही बिघडत नाही.